संगीची गिरजामाय

काकू, सहा वर्षं मी तुला 'तुम्ही' म्हणत आले. तूही मला शेवटपर्यंत 'बाई' म्हणालीस, आणि बाईला 'तुमी'. आज मी तुला 'तू' म्हणणार आहे. आपल्या दोघींच्या मध्ये तुला 'तू' म्हणणारं एकच माणूस होतं. ते तुझे दोन्ही कान धरून तुझं तोंड आपल्याकडे वळवायचं. ती माझी लेक संगी दोन आठवडे माझ्याशी धड बोलत नाहीये. तू दवाखान्यात होतीस तेव्हा मी तिला तुझ्याकडे नेलं नाही, म्हणून.

तू गेल्याचं मला संगीच्या बाबांनी सांगितलं. दुपारी एसटीची ड्यूटी संपवून आले, तिकिटांची पेटी खाली ठेवली आणि खाटेवर न बसता म्हणाले, "गिरजाकाकू गेली. सकायीच माती झाली म्हनते." तुझ्या गावच्या कोण्या माणसानं तिकीट काढता काढता त्यांना सांगितलं होतं. मला कोणी निरोप धाडला नव्हता. धाडायचा तर काय म्हणून धाडायचा? मी तुझी कोण लागत होते?

दुष्काळ सरला त्या साली माझी नेमणूक तुझ्या गावच्या शाळेत झाली. संगी तेव्हा अकरा महिन्यांची होती. आमच्या घराण्यात नोकरी करणारी मी पहिली बाई, आणि नोकरी करायची तर लेकरू कुठे ठेवायचं, हा प्रश्न पडलेलीही पहिलीच. माझी आई धनजला. ती म्हणाली, "अथीच ठेव. महिन्यातून एकडाव येऊन पाहात जाय." आई रोज लोकांच्या वावरात निंदणाला जायची. तिनं मला जसं बांधावरच्या बाभळीला झोळी बांधून ठेवलं होतं, तसंच संगीला ठेवलं असतं. मला ते नको होतं.

सुरुवातीला आम्ही मंगरूळपीरला खोली करून राहिलो, आणि मी बसनं शाळेत जाऊ-येऊ लागले. आमच्या गल्लीत एक बाई नोकरीवाल्यांची लेकरं सांभाळायची. चार लेकरं, चारही शहाणी, एकाचंही रडणं कधी ऐकू यायचं नाही. मला केवढं बरं वाटलं होतं. एका शनिवारी शाळा लवकर सुटली आणि मी अकरा वाजताच दारात उभी राहिले. चारही लेकरं ओळीनं झोपलेली. संगीला हाक मारली, उचलली, तोंडावर पाणी मारलं. ती डोळे उघडायची आणि मान टाकायची. त्या बाईनं काही लपवलं नाही. कमरेची डबी काढून दाखवली. "मोहरीएवढी अफू देतो, बाई. सगळेच देतेत. लेकराले काई होत नाई."

त्या दिवशी संगीला छातीशी धरून मी संध्याकाळपर्यंत बसून होते. तिचा श्वास मोजत होते. दुसऱ्या आठवड्यात आम्ही बिऱ्हाड हलवलं आणि तुझ्या गावी आलो. शाळेच्या मागे मास्तरांसाठी बांधलेली एक खोली रिकामी होती, आणि तिच्या काटेरी कुंपणापलीकडे तुझं परसदार.

पहिले आठ दिवस मी संगीला वर्गातच ठेवली. टेबलाच्या पायाला माझं जुनं लुगडं बांधलं, त्याचं दुसरं टोक तिच्या कमरेला. नवव्या दिवशी तू कुंपणापाशी उभी होतीस. कपाळ मोकळं, हातात शेणाची पाटी. पहिलंच वाक्य तू हे बोललीस.

"बाई, पोट्टीले टेबलाले बांधलं का वो? बकरी हाये का ते?"

मी म्हणाले, दुसरी सोय नाही.

"द्या इकडे. मी घरीच असतो."

"तुमच्या घरी विचारलं का?"

"कोनाले विचारू? अंगनात त खेळन."

अंगणात. तो शब्द मी ऐकला, काकू. तेव्हाच ऐकला.

तुझी माहिती मला गावानं हळूहळू दिली. विसाव्या वर्षाच्या आत कुंकू गेलं, मूल नाही, तेव्हापासून थोरले दीर बापूराव आणि जाऊ सरुबाई यांच्या घरात. शेण, झाडलोट, दळण, वावर, सगळं तुझं. बोलण्याचा मान सरुबाईंचा. आणि आमची माहितीही गावाला होतीच. माझ्या वडिलांनी दीक्षा घेतली तेव्हा मी चौथीत होते. घरातले देव बाहेर काढले, विहिरीवरून भांडण झालं, सहा महिने कोणी कामाला बोलावलं नाही. त्याच्यानंतर पंधरा-सोळा वर्षांनी त्यांची मुलगी बाई होऊन आली. गाव मला शाळेत 'बाई' म्हणत होतं आणि शाळेबाहेर पाहून न पाहिल्यासारखं करत होतं. तू मात्र माझं लेकरू कडेवर घेऊन भर रस्त्यानं जायचीस.

संघमित्रा हे नाव तुझ्या जिभेवर कधी बसलं नाही. तू तिची संगी केलीस. सुताराच्या मागे लागून तिच्यासाठी बाभळीचा पांगुळगाडा करून घेतलास. सुपात तूर आणि मूग मिसळून तिच्यापुढे ठेवायचीस आणि वेगवेगळे करायला लावायचीस. दीड वर्षाच्या पोरीची बोटं असे दाणे वेचायची की माझ्या पहिलीतल्या पोरांना जमलं नसतं. गोठ्यातल्या प्रत्येक गाईला ती नावानं ओळखायची. लांबून बसचा भोंगा वाजला की "बाबा!" म्हणून ओरडायची; मग ती गाडी कोणाच्याही ड्यूटीची असो. मी मुलांना शिकवण्याचं शिक्षण घेतलेलं होतं, आणि कुंपणाच्या अलीकडून रोज तुझी शाळा पाहत होते.

तिनं पहिला शब्द उच्चारला तो 'माय'. तो तुझ्यासाठी होता, आणि मी तो कुंपणाअलीकडून ऐकला. मी त्या दिवशी तिला नेहमीपेक्षा अर्धा तास आधी न्यायला आले आणि तू सांगायच्या आत म्हणाले, "चला, घरी चला." तुला कळलं होतं. दुसऱ्या दिवशी कुंपणापाशी मला ऐकू जाईल असं तू तिला शिकवत होतीस, "आई म्हन. आई. ते पाय तुही आई आली." तुझा मला राग आला होता आणि लाजही वाटली होती, दोन्ही एकदमच.

आपली भांडणंही तेव्हापासूनचीच. संगी 'मले दे' म्हणायची. मी म्हणाले, "काकू, तिला 'मला' म्हणायला शिकवा. शाळेत जायचंय तिला."

"काहून? तुमी लहानपनी काय म्हनत होत्या?"

"मीही 'मले'च म्हणत होते."

"मंग? झाल्याच ना बाई तुमी?"

मी विषय बदलला. अशी भांडणं मला रोज चालली असती.

संगीला अडीच वर्षं झाली, तेव्हाची ती संध्याकाळ. आमची खोली ती केवढी! एका कोपऱ्यात मातीची बुटकी भिंत घालून मी स्वयंपाकाची जागा केली होती. मी भाकरी थापत होते. संगीला हाक मारली, "ये, गरम गरम खा." ती पळत आली आणि त्या बुटक्या भिंतीशी थांबली. तिथेच मांडी घालून बसली. हात पुढे केला.

"आत ये ना."

तिनं मान हलवली.

"अगं, इथं ये माझ्याजवळ."

"आत नाई," ती म्हणाली. अगदी शहाण्यासारखी, जशी ती गाईंची नावं सांगायची तशी. "संगी भायेर."

तव्यावरची भाकरी जळली. मी उठून तिला उचलली आणि चुलीजवळ बसवली. ती रडायला लागली, अंग ताठ करून मागे सरकायला लागली. तिला वाटत होतं की आपल्याला मार बसेल. स्वतःच्या आईच्या चुलीपाशी बसल्याबद्दल.

सकाळी मी तुझ्या परसात आले तेव्हा तू ज्वारी पाखडत होतीस. संगी माझ्या कडेवर होती.

"काकू, संगीला चुलीपाशी का येऊ देत नाही तुम्ही?"

सूप थांबलं. "कोनं सांगतलं?"

"तिनंच."

तू पदरानं तोंड पुसलंस. "मी नाई शिकवलं बाई तिले. सरुबाईनं एकडाव हटकलं, दोनडाव हटकलं. लेकरू हुशार हाये, समजून गेलं."

"आणि तुम्ही काय केलंत?"

"मी काय करू? घर त्यायचं, चूल त्यायची. तिले अंदर घेतलं त तिचं येनंच बंद करतीन. मंग कुठी ठेवसान तुमी तिले?"

"माझ्या घरात चूल माझी आहे ना? तिथंही ती बाहेर बसते, काकू!" माझा आवाज चढला. सरुबाई दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. "चालायला तुम्ही शिकवलं, बोलायला तुम्ही शिकवलं. आणि हेही तुम्हीच शिकवलंत. माझ्या बापानं जे मोडायला सगळ्या गावाशी वैर घेतलं, ते माझी पोर तुमच्या अंगणात दीड वर्षात शिकून गेली."

तू खाली बघत होतीस. मग अगदी हळू, सरुबाईंना ऐकू जाणार नाही असं विचारलंस, "तुमाले पयल्या दिवशी समजलं नोतं का, बाई?"

"नाही," मी म्हणाले.

मी खोटं बोलले. परसातल्या खुंटीवर जर्मनची ताटली आणि वाटी वेगळी टांगलेली मी पहिल्याच संध्याकाळी पाहिली होती. घरातली बाकीची भांडी आत मांडणीवर होती, तीही दारातून दिसत होती. मी काय पाहतेय ते मला चांगलं ठाऊक होतं. लहानपणी अशा ताटल्या मी पुष्कळ पाहिल्या होत्या. मी मान वळवली. मनात म्हटलं, अफू तर नाही ना देत. लेकरू हसतंय, अंगावर मांस धरतंय. मी नोकरीसाठी मान वळवली आणि दीड वर्ष वळवूनच ठेवली. मग एका सकाळी येऊन सगळा दोष तुझ्या सुपात ओतला. मी 'नाही' म्हणाले तेव्हा तू माझ्या तोंडाकडे पाहिलंस. तुला खरं काय ते कळलं होतं, हे मलाही कळलं.

त्या दिवसापासून संगी तुझ्याकडे यायची बंद झाली.

पुढचे तीन आठवडे वाईट गेले. ती वर्गात बसेना. कुंपणाशी जाऊन "माय, ओ माय" करून हाका मारायची, आणि तू गोठ्यात असलीस तरी बाहेर येत नव्हतीस. मी मना केलं होतं ना. मोठे गुरुजी कुरकुरायला लागले. एक दिवस म्हणाले, "बाई, उद्या विस्तार अधिकारी येताहेत. लेकरू वर्गात दिसता कामा नये."

दुसऱ्या दिवशी मी संगीला पोटभर भरवलं, थोपटून झोपवलं, आणि खोलीच्या दाराला बाहेरून कडी लावली. शाळा पन्नास पावलांवर. रडली तर ऐकू येईल, असं स्वतःला सांगितलं. साहेब वर्गात आले. त्यांनी पाढे म्हणायला लावले. चाळीस पोरं एका सुरात ओरडत होती, आणि त्या ओरडण्यामागे काय चाललंय ते मला ऐकू आलं नाही.

तुला आलं. तू नंतर सांगितलंस. आधी रडणं, मग खोकला, मग काहीच नाही. ते 'काहीच नाही' ऐकून तू काटेरी कुंपणातून घुसलीस. कडी काढलीस. संगी खाटेखाली बसली होती, स्टोव्हच्या रॉकेलची बाटली हातात.

साहेबांच्या समोर, दारातून तू आलीस. लुगडं फाटलेलं, हातांवर काट्यांचे ओरखडे, संगी खांद्यावर. "बाई, पोट्टीनं राकेल पेलं!"

साहेब काय म्हणाले, गुरुजी काय म्हणाले, मला आठवत नाही. आपण दोघी धावत होतो. पोहरादेवीची यात्रा होती. सगळ्या जादा गाड्या तिकडे, संगीचे बाबाही तिकडेच. मंगरूळपीरची पुढची बस दुपारी. संगीच्या छातीतून शिटीसारखा आवाज येत होता आणि तोंडाला रॉकेलचा वास. अंगणात सरुबाई म्हणाल्या, "मिठाचं पानी पाजा, ओकारी काढा!" तू तिकडे पाहिलंसुद्धा नाहीस. तू सरळ बापूरावांपुढे गेलीस. ज्यांच्यासमोर तू कधी मान वर केली नव्हतीस, त्यांच्यापुढे डोक्यावर पदर नसताना उभी राहिलीस.

"भाऊजी, बैल जुंपा."

ते माझ्याकडे पाहत राहिले.

"तिच्याकडे कायले पाहता? पोट्टी मरून राह्यली अथी. जुंपा!"

त्यांनी बैल जुंपले. आपण गाडीत बसलो. दहा-बारा किलोमीटरचा तो रस्ता संपणारच नाही, असं तेव्हा वाटलं होतं. संगीचे डोळे मिटायला लागले की तू तिच्या गालावर चापट मारायचीस आणि विचारायचीस, "कपिलीचं वासरू कोनतं? सांग ना वो माय. चांदीचं कोनतं?" ती ओठ हलवायची. मी तिचे पाय धरून बसले होते आणि मनात एकच गोष्ट फिरत होती : आता काकू कडीचं बोलेल. आता बोलेल. तू बोलली नाहीस. दवाखान्याच्या पायरीवर नाही, डॉक्टर म्हणाले की ओकारी काढली नाही तेच बरं केलं, तेव्हाही नाही. तीन दिवस संगीच्या छातीत भरलेलं होतं, ताप उतरत नव्हता. तू व्हरांड्यात फरशीवर बसून होतीस. तीन दिवसांत नाही, तीन वर्षांत नाही, पुढे आपण कितीदा भांडलो तरी 'तुमी कडी लावली होती' हे तुझ्या तोंडून मी कधी ऐकलं नाही. कोणी माझ्यावर एवढे उपकार केलेले मला आठवत नाहीत.

आपण परतलो तेव्हा कळलं, बापूरावांनी दुसऱ्या दिवशी गाडी नदीवर नेऊन धुतली होती. ज्यांनी बैलांच्या शेपट्या पिरगाळून माझ्या लेकराला वेळेत पोचवलं, त्यांनीच गाडी धुतली. या माणसाला काय म्हणावं, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

तू संगीला घेऊन अंगणात आलीस. मी कुंपणापाशी होते. मला वाटलं, तू तिला पांगुळगाड्याशी ठेवशील. तू थांबली नाहीस. पायरी चढलीस, ओसरी ओलांडलीस आणि आत चुलीपाशी जाऊन तिला मांडीवर घेऊन बसलीस. दुधात भाकर कुस्करलीस. घरात भांडी वाजायची थांबली.

"तिले अंदर कायले आनलं?" सरुबाईंचा आवाज.

"भूक लागली तिले."

"गिरजा, भायेर ने तिले."

"जेवन झाल्यावर नेतो."

"असं हाय का? मंग आपली चूल उचल अन् जाय गोठ्याकडं."

"जातो," तू म्हणालीस.

एवढंच. मला तेव्हा धावत येऊन काही तरी बोलायला हवं होतं. मी कुंपण धरून उभी राहिले.

पंचवीस-सव्वीस वर्षं राबलेल्या घरातून तू गोठ्याला लागून असलेल्या चार पत्र्यांखाली गेलीस. तिथे माती कालवून स्वतः चूल घातलीस, आणि संगी तुझ्याबरोबर कोपरापर्यंत चिखलानं माखली. पुढची तीन वर्षं ती त्या चुलीपाशी जेवली. मी तुला विचारलं होतं, पस्तावा होतो का? तू म्हणालीस, "थंडीत वारा लागते, बाई. बाकी बरं हाये." मला वाटलं होतं तू 'नाही' म्हणशील. तू खोटं कधी बोललीच नाहीस, ही तुझी मोठी अडचण होती.

आणि तरी, काकू, माझं तुझ्याशी एक भांडण राहिलंय. ते मिटलं असं मी म्हणणार नाही. तू संगीला तुझ्या चुलीपाशी नेलंस. माझ्या चुलीपाशी तू कधी आली नाहीस. माझ्या घरी आलीस की दारातच बसायचीस. चहा ठेवू का विचारलं की तुला उपास असायचा. सोमवारी उपास, गुरुवारी उपास, मंगळवारी पोट दुखायचं. एकदा मी बशीत चहा ओतून तुझ्यापुढे ठेवलाच. तो गार होऊन त्यावर साय आली तोवर तू गाईच्या विण्याबद्दल बोलत राहिलीस. मग उठून गेलीस.

संगी पहिलीत जाण्याआधी माझी बदली मंगरूळपीरला झाली. आम्ही निघालो तेव्हा तू फाट्यापर्यंत आलीस. सामान बसच्या टपावर चढत होतं आणि मी विचारलं. इतकी वर्षं थांबून अगदी शेवटच्या क्षणी.

"काकू, माझ्या घरचा चहा एकदाही का नाही घेतला?"

तू रस्त्याकडे पाहिलंस. संगी तुझ्या पदराला लोंबकळत होती.

"घ्यावा वाटते, बाई. हात उठत नाई." मग जरा चिडून म्हणालीस, "एका जन्मात किती शिकवसान मले? मी काय तुमच्या पहिलीतली पोर हाये?"

"मला वाईट वाटायचं."

"मले समजते. मलेबी वाटे."

कंडक्टरनं घंटी मारली. मी आणखी बोलणार होते. मी म्हणणार होते की, ज्या हातांनी चूल सोडली त्या हातांना कप का जड होतो? तू काय म्हणाली असतीस, ठाऊक नाही. बस सुटली.

तुला अकोल्याच्या मोठ्या दवाखान्यात नेल्याचं कळलं, तेव्हा मी एकटी आले. संगीला शाळेत सोडून, तिला न सांगता; तिला ते तू गेल्यावर कळलं. तुझ्या नाकात नळी होती. मी घरून मुगाचं पातळ वरण आणलं होतं. डब्याचं झाकण काढायच्या आत सिस्टर म्हणाली, तोंडानं काही द्यायचं नाही. तू डब्याकडे पाहिलंस. मला वाटलं, तुला हवं होतं. पण मला तसं वाटायचंच होतं, म्हणून त्यावर भरवसा ठेवता येत नाही.

"संगी कुठी हाये?"

"शाळेत. परीक्षा आहे."

परीक्षा नव्हती. तुला नळ्यांमध्ये बघून ती घाबरेल, असं मी स्वतःला सांगितलं होतं. तू नुसती मान हलवलीस. त्या दिवशी मी एक गोष्ट सांगायला आले होते आणि तासभर तुझ्या उशाशी बसून तुझा हात चोळून न सांगताच परतले. ती आता सांगते. तुझं खरं होतं. मला पहिल्या दिवशीच समजलं होतं.

परवा बापूराव मंगरूळपीरच्या बाजाराला आले होते. आमच्या दारात येऊन उभे राहिले. फार म्हातारे दिसले. बसा म्हटलं तर बसले नाहीत. "गिरजाची तेरवी हाये. पोट्टीले घेऊन या," एवढं बोलून गेले. संगीचे बाबा म्हणाले, "जाशील? तथी कुठी बसवतीन तुले?" मी म्हणाले, माहीत नाही. संगी दप्तर खाली टाकून म्हणाली, "मी जाईन. तू नको येऊ."

काल आम्ही दोघी गेलो. अंगणात पंगत बसत होती. बायकांच्या ओळीत जागा होती. मी जोडे काढले आणि सरुबाई समोर आल्या. "बाई, तुमी मांगून बसा. घरच्यांसंग."

घरच्यांसंग. हा मान होता की पंगतीतून दूर ठेवणं होतं? मी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं, काही कळेना. मी ओसरीच्या खांबाशी उभी राहिले. वाढणं सुरू झालं. माझ्याकडे कोणी पाहत नव्हतं, म्हणजे सगळे पाहत होते. मी ठरवलं की संगीचा हात धरायचा आणि पहिल्या बसनं परतायचं. हात पुढे केला, तर संगी जवळ नव्हती.

ती ओळीत जाऊन बसली होती. दोन म्हाताऱ्यांच्या मधोमध, मांडी घालून, पुढ्यात पत्रावळ ओढून. सरुबाई वरणाची बादली घेऊन ओळीनं येत होत्या. संगीपाशी आल्या आणि थांबल्या. मी खांब घट्ट धरला.

"मोठी माय," संगी म्हणाली, "वरन दे ना."

सरुबाई वाकल्या. वरण वाढलं, भातात बोटानं खळगा करून पुन्हा वाढलं. आणि मग मान वर न करता, काहीशा रागानंच म्हणाल्या, "तुह्या मायले बलाव. उभी काहून हाये ते?"

मी जाऊन संगीशेजारी बसले. जेवले. संगीनं दोन वडे खाल्ले, आणि दोन आठवड्यांत पहिल्यांदा माझ्या मांडीवर हात ठेवला. माझ्या उजवीकडच्या बाईनं मी बसताच लुगडं आवरून घेतलं. मला जागा द्यायला की माझ्यापासून लांब राहायला, ते मी तिला विचारलं नाही. तुला विचारलं असतं, काकू. तू खरं सांगितलं असतंस.